आपल्या देवळातील भजन आणि वाजंत्री

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे केलेले भाषण)



जीर्णोद्धार समितीने मला दहा मिनिटे बोलण्याची आज्ञा केलेली आहे. विषयही समितीनेच दिला : गावची भजनाची आणि वाजंत्र्यांची परंपरा. मी तहसील कचेरीतला कारकून. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. टिपणी लिहायची आणि साहेबांपुढे ठेवायची, हा आमचा व्यवसाय. उभे राहून बोलण्याची सवय नाही. परंतु वयाच्या दहाव्या वर्षापासून या देवळात टाळ, आणि तेराव्या वर्षापासून पखवाज वाजवीत आलो, एवढ्या एका अधिकारावर बोलतो. चुकभूल द्यावी घ्यावी.

प्रथम देणगीदारांचे आभार मानले पाहिजेत. आपला भाग दुष्काळी. खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूची किती घरे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश अशा परमुलखात गेली, हे आपणांस मी सांगायला नको. ती मंडळी तिकडे तमिळ बोलतात, हिंदी बोलतात, पण जत्रेला गावाकडे येतात. समितीने वर्गणीसाठी फोन केले तेव्हा मी शेजारी बसून नावे लिहून घेत होतो. एका गृहस्थाने आकडा सांगण्याआधी विचारले की, पालखीपुढे अजून सनई असते का. आम्ही असते म्हणून सांगितले. मग त्यांनी आकडा सांगितला. त्यांचे नाव मोठ्या देणगीदारांच्या यादीत आहे. त्यांचा तो प्रश्न मात्र त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि आजचे बोलणे बरेचसे त्याच्यावरच आहे.

जुना सभामंडप ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांपुढे तो आत्ताही उभा असेल. लाकडी खांब, वर माळवद, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि दगडमातीच्या दोन हात रुंदीच्या भिंती. पावसाळ्यात माळवद गळायचे. तुळयांना वाळवी लागली होती. ते पाडणे भागच होते, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्या मंडपात आवाज फार गोड लागत असे. माती आणि शेण आवाज पिऊन घेत. वीस टाळ एकदम वाजले तरी कानठळ्या बसत नसत, आणि म्हणणाऱ्याचा शब्द शेवटच्या खांबाला टेकलेल्या म्हातारीलाही कळायचा. तेव्हा भोंगा नव्हता असे नाही, पण तो जत्रेपुरता.

रविवार हा नाथांचा वार, म्हणून रविवारी भजन, आणि शिवाय दोन्ही एकादश्यांना. १९९१ साली मी बसू लागलो तेव्हा मंडळात वीस-बावीस माणसे असत. आमचे बुवा शेती करीत. दिवसभर मोटारीच्या पाण्यावर उभे राहून रात्री देवळात येत. नव्या मुलाच्या हातात ते पखवाज देत नसत. आधी टाळ. तोही मागच्या ओळीत बसून. टाळ वाजविणे सोपे वाटते, पण वीस जणांचे टाळ एकाच क्षणाला पडले पाहिजेत. एकाचा अर्ध्या मात्रेने मागे पडला की सारे भजन लंगडते, आणि बुवा मान वर न करता ज्याचा चुकला त्याच्याकडे बरोबर बोट दाखवीत. माझी अशी तीन वर्षे गेली.

पखवाज शिकलो तो मांडीवर. बुवा बोल सांगत आणि आम्ही शेतात, शाळेत, एस.टी.ची वाट पाहताना मांडीवर बडवीत बसायचो. भजनी ठेका आठ मात्रांचा. त्याची दुगण करायची कधी आणि परत मूळ लयीवर यायचे कधी, हे बोलांवरून शिकता येत नाही, म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून शिकावे लागते. बुवांचा श्वास कुठे संपतो हे ज्याला कळले त्याला पखवाज आला, असे आमच्यात समजत.

आता कणकेची गोष्ट. पखवाजाच्या उजव्या तोंडाला कायमची शाई असते, आणि डाव्या तोंडाला प्रत्येक वेळी ओली कणीक थापावी लागते. तिच्याशिवाय तो घुमत नाही, पत्र्याचा डबा वाजविल्यासारखा वाजतो. भजन संपल्यावर ती खरडून काढायची, नाहीतर चामडे खराब होते. आपल्याकडे पीक ज्वारीचे. ज्वारीच्या पिठाला चिकटा नाही, ते चामड्यावर ठरत नाही. गहूच लागतो, आणि त्या काळी गव्हाची पोळी आमच्या घरी सणालाच. तेव्हा दर रविवारी कोणाच्या घरची कणीक आणायची याची पाळी लागलेली असे. लिंबाएवढ्या गोळ्यासाठी पाळी! पण माझी आई पाळीच्या दिवशी रेशनचा गहू निवडून, जात्यावर मूठभर वेगळा दळून द्यायची. देवाच्या तोंडी लागणारे पीठ म्हणून ती त्यात दुसरे पीठ मिसळू देत नसे. देवाचे तोंड म्हणजे पखवाजाचे तोंड. खरडलेली कणीक आम्ही गुरवाच्या गाईला घालीत असू.

एकादशीचे भजन रात्रभर चाले. जयघोष, मग रूपाचे अभंग, मग ज्याला जे येईल ते. मध्यरात्रीनंतर गौळणी, आणि डोळ्यांवर झोप आली की भारूड. भारुडाला एकजण लुगडे नेसून यायचा, मग झोपलेली पोरेही उठून बसत. पहाटे काकड आरती. शेजारच्या गावांची मंडळे पाळीपाळीने येत आणि आम्हीही त्यांच्याकडे जात असू. पाच-सहा मैल चालत, पखवाज खांद्यावर. परगावच्या देवळात वाजविताना हात वेगळाच चालतो. आपल्या गावचे नाव राखायचे असते. कोणाच्या बुवांनी कुठला अडचणीचा अभंग काढून समोरच्या पखवाज्याची कशी फजिती केली, याच्या हकिकती आठवडाभर पारावर चालत. माझीही एकदा झाली. तिचे वर्णन इथे करण्याची गरज नाही, ती पाहिलेले चौघे-पाचजण समोरच बसलेले आहेत आणि हसत आहेत.

वीणा आणि पेटी बिघडली म्हणजे मिरजेला जावे लागे. ती माझी आवडती कामगिरी. मिरजेची सतारमेकर गल्ली आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली नसेल, जरूर पाहावी. मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे लोक, ते दीडशे वर्षांपूर्वी सतारी-तंबोरे करू लागले. फरीदसाहेब हे त्यांचे मूळ पुरुष. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, नदीकाठचे. ते वाळवून, कापून, भिजवून आकार देतात. आमच्या वीण्याचा आवाज बसला होता, तो कारागिराने दोर काढून, घोडी कानसेने जरा जरा घासून परत आणला. त्याला जवारी काढणे म्हणतात. केसाएवढी घासायची, लावून पाहायची, परत काढायची. दोन तास मी त्याच्यासमोर बसून होतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारचे भौगोलिक मानांकन मिळाले, ते वाचून मला घरचेच कोणी पास झाल्यासारखे वाटले.

तिथेच मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाणे असते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर त्या दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांच्या स्मरणार्थ गाणारे-वाजविणारे येऊन हजेरी लावतात. तिकीट नाही, पास नाही. जाजमावर जागा मिळेल तिथे बसावे. आम्ही वीणा दुरुस्तीला टाकून एक रात्र तिथे काढली. शास्त्रीय गाण्यातले मला आजही फारसे कळत नाही. पण एका गवयाने पुष्कळ वेळ एकाच स्वरावर ठाण मांडले आणि शेजारी बसलेल्या हमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, हे मी पाहिले. आमचे बुवा परतीच्या एस.टी.त एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी नेहमीचा अभंग निम्म्या लयीत म्हटला. आम्हा टाळकऱ्यांची त्रेधा उडाली!

जत्रेकडे वळतो. चैत्रातली जत्रा म्हणजे आम्हा पोरांना वर्षाचा दिवाळसण. पहाटे हलगीवाले उसाच्या पाचटाचा जाळ करून त्यावर हलग्या शेकीत, तो वास आला की आम्ही अंथरुणातून उठून पळत सुटायचो. शेकल्याशिवाय चामडे ताणले जात नाही. एका हातात टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, जोडीला घुमके आणि कैताळ. पालखीपुढे एक चाल, सासनकाठी नाचविताना दुसरी, कुस्त्यांच्या फडात तिसरी. कुस्तीत एकजण चितपट होण्याच्या बेतात आला की हलगीवाल्याला तो पंचांच्या आधी कळतो. ठेका बदलला की माणसे उठून उभी राहतात. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही.

सनईवाल्यांची जोडी होलार वस्तीवरची. एकजण सनई वाजवी, दुसरा नुसता सूर धरून बसे. तो सूर धरणारा दिसायला काहीच करीत नाही, पण गाल फुगवून नाकाने श्वास घेत अर्धा-अर्धा तास सूर तुटू न देणे हे काय काम आहे ते करून पाहावे. मी करून पाहिले, मिनिटभरात घेरी आली.

आणि रात्री तमाशा. समोर माता-भगिनी आहेत म्हणून मी तो विषय टाळणार नाही, कारण त्या पिढीतल्या आपल्या आया-मावश्याही लांबून बैलगाडीत बसून पाहतच होत्या. आपल्याच जिल्ह्यातले कवलापूर हे तमाशाचे मोठे घर. तिथल्या काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ मी लहानपणी पाहिला. जुळे भाऊ, दोघे हवालदाराच्या वेषात. एक पडद्याआड गेला की दुसरा निघायचा, आणि कोणता काळू, कोणता बाळू यावर आमच्यात पैजा लागत. गण, गौळण, बतावणी आणि मग वग. ढोलकी आणि तुणतुणे. वग उजाडेपर्यंत. मला पुढे कळले की गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथे जाऊन जत्रेची सुपारी देतात. आमचे पंच मात्र जवळच्या फडांशीच बोलणी करीत.

यातली एक गोष्ट आजच्या कार्यक्रमाशी निगडित आहे म्हणून मुद्दाम सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मंडळी देवळापुढे हजेरीला येत. रंग उतरलेला, रात्रभराचे जागरण, आणि देवापुढे उघड्यावर ढोलकी. रात्री हजारांनी माणसे होती, सकाळी शे-दीडशे. मला त्यांची हजेरीच जास्त आवडायची. शिट्या नसत. म्हणणारी बाई देवाकडे तोंड करून म्हणे आणि आम्ही तिच्या पाठीमागे बसून ऐकत असू.

मी २००४ साली कचेरीत शिपाई म्हणून लागलो, पुढे टंकलेखनाची परीक्षा देऊन कारकून झालो, आणि काही वर्षे करमणूक कराच्या टेबलावर बसलो. सिनेमा, केबल, तंबूतले खेळ यांचे कागद समोरून जात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, करमणूक कर त्यात विलीन झाला आणि ते टेबलही गेले. पण तेवढ्या वर्षांत बदल कागदावर दिसला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर भोंगा बंद. वर्षातील ठरावीक काही दिवस बारापर्यंत सवलत मिळू शकते. नियम चांगला आहे, आजारी माणसाला झोप पाहिजे, मुलांना अभ्यास आहे. परंतु ज्या तमाशाला दहा वाजता गण सुरू व्हायचा, त्याचा वग त्यामुळे कापला गेला. आता सातला सुरू करतात, सिनेमातली गाणी होतात आणि दहा वाजले की आवरते. वग पाहिलेला मुलगा गावात शोधून सापडणार नाही. (भोंग्याच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यावयाचा असतो, तहसील कचेरीत नव्हे, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो. दरवर्षी दहाजण माझ्याकडेच येतात.)

आमच्या भजनात बदल झाला तो कॅसेटने. भीमसेन जोशींच्या संतवाणीच्या कॅसेटी आल्या, प्रल्हाद शिंदे यांच्या आल्या. दोघेही थोर, मी दोघांच्या पाया पडेन. पण गावोगावच्या चाली त्यामुळे एक झाल्या. आमच्या बुवांची म्हणून एका अभंगाला एक चाल होती, पलीकडच्या गावची वेगळी होती, त्यावरून तर बारी रंगायची. नव्या पोरांना कॅसेटमधलीच चाल खरी वाटू लागली आणि बुवांची चुकीची. बुवा वारल्यावर त्यांच्या सात-आठ चाली राहिल्या आहेत, त्या मी आणि आणखी दोघे म्हणू शकतो. मोबाइलमध्ये भरून ठेवल्या आहेत. पुढे बँड आला, मग बेंजो पार्टी आली, मग डॉल्बी. डॉल्बीविषयी बोलत नाही. तिच्यापुढे कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. जुने देऊळ उतरविताना कोठीत एक लोखंडी पेटी निघाली. तीत देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या, १९६४ पासूनच्या. कागद वाचण्याची सवय म्हणून समितीने त्या माझ्याकडे दिल्या. उंदरांनी कडा खाल्ल्या आहेत, पण मजकूर शाबूत आहे. तेल, वात, नारळ, गुलाल यांच्यामध्ये दरवर्षी जत्रेच्या पानावर एक नोंद सापडते : सनईवाले, ज्वारी अडीच पायली, नारळ एक. हलगीवाले, ज्वारी दोन पायली. पुढे ज्वारीच्या जागी रुपये येतात. आधी पाच, मग अकरा, मग एकवीस. नावे आहेत, बापाचे नाव आहे, डाव्या हाताचा अंगठा आहे. वर्षानुवर्षे तीच घरे. बाप गेला की पुढच्या वर्षी मुलाचा अंगठा.

आणि एक गोष्ट वहीत नाही, पण आपणां सर्वांस ठाऊक आहे. ही मंडळी देवळाच्या पायरीखाली उभी राहून वाजवीत. आत येत नसत. येऊ देत नव्हते म्हटले तर खरे होईल. ज्या देवासाठी वाजवायचे त्याचे तोंड त्यांना पालखी बाहेर आल्यावर दिसे. मी मंडपात बसून पखवाज वाजवीत होतो तेव्हा सनईचा सूर बाहेरून यायचा, आणि आमची पेटी त्या सुराला लावून घेतलेली असायची. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ती चाल हळूहळू मोडली. कोणी मोठा ठराव केला असे नाही. एका जत्रेत जोराचा वळीव आला आणि सनईवाले मंडपात आले, ते परत बाहेर गेले नाहीत. त्या वर्षीच्या पंचांनीही त्यांना जा म्हटले नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. ते आज हयात नाहीत.

२०२० साली कोरोना आला. पंढरीच्या पालख्या त्या वर्षी एस.टी.ने गेल्या, हे सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. आपली जत्रा २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे भरली नाही. पुजेला पाच माणसांची परवानगी होती. पाच नावे मीच लिहिली : पुजारी आणि चार मानकरी. पालखीच्या वेळेला मी घराच्या माळवदावर उभा होतो. गाव चिडीचूप. आणि होलार वस्तीवरून सनई ऐकू आली. आबा आपल्या दारात उभे राहून वाजवीत होते, पालखीची तीच चाल, वेशीपासून देवळापर्यंतची, पालखी जिथे जिथे थांबते तिथे तिथे थांबून. सत्तरीच्या पुढचे वय. सूर धरायला त्यांच्याजवळ कोणी नव्हते.

त्यांच्यासाठी मी एक काम हाती घेतले. सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंत यांच्यासाठी मानधनाची योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले आहे. पूर्वी कलावंताच्या दर्जाप्रमाणे रक्कम कमी-जास्त असे, २०२४ पासून सरसकट दरमहा ५,००० रुपये झाली. वय पन्नासच्या पुढे पाहिजे, उत्पन्न कमी पाहिजे, आणि अनेक वर्षे कला सादर केल्याचा पुरावा पाहिजे. इथे घोडे अडते. नटाजवळ हँडबिल असते, लेखकाजवळ पुस्तक असते. पालखीपुढे चाळीस वर्षे सनई वाजविणाऱ्याने पुरावा कुठला आणायचा? आबांचा अर्ज एकदा एका ठिकाणाहून एवढ्याच शेऱ्याने परत आला होता : ‘पुरावा जोडलेला नाही.’ शेरा कायद्याने बरोबर होता. मीही तोच लिहिला असता.

पुरावा लोखंडी पेटीत होता. १९७९ पासून आबांचा अंगठा, त्याआधी त्यांच्या वडिलांचा. मी प्रत्येक पानाची नक्कल काढली, समितीने खरी नक्कल म्हणून सह्या केल्या, ग्रामपंचायतीने ठराव दिला. असे तीन अर्ज केले. आबांचा मंजूर झाला. घुमकेवाल्यांचा अजून प्रलंबित आहे, त्याच्या मागे मी आहे. तिसरे हलगीवाले, ज्यांच्या हलगीवर आपल्या गावच्या तीन पिढ्यांनी लेझीम खेळली, ते त्यांच्या अर्जावर अंगठा घेण्यासाठी मी गेलो त्याच्या आदल्या आठवड्यात वारले.

तेव्हा माझी समितीला आणि समोर बसलेल्या देणगीदारांना विनंती अशी. ५,००१ रुपये आणि त्यापुढे देणाऱ्यांची नावे संगमरवरी पाटीवर घालण्याचे ठरलेले आहे, ते योग्यच आहे. या वह्यांतून निघालेली एकोणतीस नावे, १९६४ पासून वाजविणाऱ्यांची, समितीने या स्मरणिकेत स्वतंत्र पानावर छापण्याचे मान्य केले, त्याबद्दल मी ऋणी आहे. छापलेले पान पुढेमागे कोणाच्या अर्जालाही जोडता येईल. माझे मागणे पाटीबद्दल आहे. मी हिशोब करून पाहिला होता, चाळीस जत्रा, वर्षाच्या पालख्या, दसऱ्याचे नऊ दिवस, आणि मजुरीचा चालू दर. आकडा बराच मोठा येतो. तो इथे सांगत नाही, कारण तो कोणी मागितलेला नाही. एवढेच सांगतो की मी काल पाथरवटाला विचारून आलो. पाटीवर खालच्या बाजूला तीन ओळींची जागा शिल्लक आहे आणि तीन ओळी तो फुकट कोरून देण्यास तयार आहे. आजच्या सभेपुढे हा विषय अध्यक्षांच्या परवानगीने ठेवतो.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. नव्या मंडपात स्लॅब आहे, चकचकीत फरशी आहे, दिसायला उत्तम. परंतु आवाज घुमतो. मागल्या एकादशीला आम्ही बसलो तर टाळाचा आवाज भिंतीला लागून परत येई आणि पुढच्या टाळावर पडे, शब्द कळेनात. यावर उपाय महाग नाही. खाली जाड जाजम अंथरावे, मागच्या भिंतीला कापडी पडदे सोडावेत, आणि कृपा करून भजनाच्या वेळी भोंगा लावू नये. जाजमाचे माप मी काढून ठेवले आहे. ज्यांना देणगी द्यावयाची राहून गेली असेल त्यांनी मला भेटावे.

दुसरी गोष्ट विजेवर चालणाऱ्या नगाऱ्या-घंटेच्या यंत्राची. ते एका भक्ताने मोठ्या प्रेमाने दिलेले आहे. पहाटे पाच वाजता पुजारी एकटे असतात, एका हातात आरती, एका हातात घंटी, मग नगारा वाजविणार कोण? त्या वेळेला यंत्र असावे. रविवारी आणि पालखीच्या दिवशी मात्र त्याचे बटण बंद ठेवावे. त्या दिवशी माणसे आहेत.

भजनाची शिकवणी दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता मंडपात सुरू केली आहे. सध्या सात मुले आणि दोन मुली येतात. मुलींनी पखवाज घेतला म्हणून कोणी काही बोलू नये, त्यांचा हात मुलांपेक्षा बरा आहे. आबा महिन्यातून एकदा येऊन पालखीच्या चाली म्हणून दाखवितात. सनई त्यांना आता झेपत नाही, पण त्यांचा नातू सूर धरायला शिकतो आहे. टाळ मंडळाचे आहेत. कणीक ज्याने त्याने घरून आणावी.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, ते मी पाहिले. मी माझे दोन शब्द संपवितो. नाथसाहेबांच्या नावानं चांगभलं! जय हिंद, जय महाराष्ट्र.

— गावचा एक पखवाजवाला, कारकून, तहसील कचेरी